पंचायत गप्प बसली तरी आपण बसू नये

घराला खोली वाढवायची असो की मासळीचं दुकान बांधायचं असो, पंचायतीचा लेखी परवाना लागतोच. अर्ज दिला की पोच घ्या, त्यावर तारखेचा शिक्का आहे ना ते बघा. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं.

गोवा पंचायत राज कायदा, १९९४ च्या कलम ६६ प्रमाणे पंचायतीने ३० दिवसांत निर्णय कळवायचा असतो. नाही कळवला, तर त्यापुढच्या ३० दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येतं. "पुढच्या बैठकीत बघू" हे ऐकत राहिलात तर ही मुदत हातची जाते.

जागा सीआरझेडमध्ये असेल तर किनारी प्राधिकरणाची मंजुरीही लागते. नुसत्या पंचायतीच्या परवान्यावर पाया खणू नका. २०११ च्या अधिसूचनेत सीआरझेड-३ मध्ये भरतीरेषेपासून १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात पारंपरिक मच्छीमारांच्या राहत्या घरांसाठी सोय आहे. म्हणून आपण मच्छीमार असल्याचं अर्जात लिहा, पुरावा जोडा.

आणि घरपट्टी भरतो म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं, असं नाही. पाडायची नोटीस दारात आली की परवान्याचाच कागद विचारतात.

अर्ज लिहायला अडचण असेल तर कागद घेऊन सोसायटीत या. मिळून लिहू.