गाव सोडून गेलेला संघ

आपलेपणाची मुळे : लेखांक सातवा

पेडणे महालातील गावोगावच्या दशावतारी मंडळांविषयी जो अभिमान पिढ्यानपिढ्या चालत आलेला दिसतो, त्याचा विचार आपण गेल्या आठवड्यात केला. रात्री रंगमंचावर राजा झालेला माणूस सकाळी आपल्याच वाड्यावरच्या शेतात औत धरताना दिसत असल्यामुळे गावाला तो आपला वाटावा, हे समजण्यास फारसे अवघड नाही. परंतु ज्यांच्याशी आपले रक्ताचे, गावाचे, पुष्कळदा भाषेचेही नाते नाही, अशा अकरा खेळाडूंनी सामना गमावला म्हणून एखाद्या प्रपंची गृहस्थाला त्या रात्री अन्न गोड लागू नये, हे कोडे अधिक गहन आहे. आणि ते सोडविण्यासाठी आपणांस डिचोलीच्या बाहेर फार दूर जावे लागणार नाही.

माझे मामा डिचोलीजवळच्या एका खाणीवर हजेरी-कारकून होते. त्यांच्या पश्चात एका लाकडी पेटीत त्यांची घरखर्चाची वही सापडली. लाल कापडी बांधणीच्या त्या लांबट वहीत तांदूळ, खोबरेल, रॉकेल, देवळातला अभिषेक, मुलांची फी असा सारा खर्च निळ्या शाईने नेटका मांडलेला आहे. आणि समासात, बहुधा रविवारच्या तारखांसमोर, शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात फुटबॉलच्या सामन्यांचे निकाल टिपलेले आहेत. प्रत्येक नोंदीची रीत एकच : आधी ‘आम्ही’ हा शब्द आणि एक आकडा, त्यापुढे प्रतिस्पर्धी संघाचे पूर्ण नाव आणि त्याचा आकडा. प्रतिस्पर्ध्याला नाव आहे, स्वतःच्या संघाला मात्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कुठेही नाव दिलेले नाही. ही वही ज्या वर्षांची आहे, त्या वर्षांत या संघाचे नाव बदलले, मालक बदलला, ठिकाण बदलले आणि सुरुवातीच्या खेळाडूंपैकी एकही उरला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे त्या ‘आम्ही’ या एका शब्दात केवढा अर्थ साठलेला आहे, याची कल्पना येते.

तो संघ म्हणजे आज साऱ्या हिंदुस्थानात डेंपो या नावाने ओळखला जाणारा संघ. त्याचा जन्म पणजीचा नसून डिचोलीचा आहे, ही गोष्ट आमच्या तालुक्यातील तरुणांनाही आता सांगावी लागते. साठच्या दशकाच्या आरंभी डिचोलीतील काही क्रीडाप्रेमी मंडळींनी एकत्र येऊन ‘क्लुब द देस्पोर्तुश द बिशोलिं’ या पोर्तुगीज नावाने हा संघ उभा केला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात डेंपो या खाण-व्यावसायिक घराण्याने तो आपल्याकडे घेतला. मग तो प्रथम डेंपो-सौझा आणि पुढे केवळ डेंपो झाला व त्याचा मुक्काम राजधानीत गेला. महसुली दप्तराच्या भाषेत बोलावयाचे, तर जमिनीचा कब्जा दुसऱ्याकडे गेला आणि फेरफाराची नोंद रीतसर झाली. मामांच्या वहीत मात्र हा फेरफार कधीच नोंदला गेला नाही. संघ गाव सोडून गेला, पण डिचोलीची निष्ठा त्याच्या मागोमाग फेरीबोटीत बसून मांडवी ओलांडून गेली.

मग ही निष्ठा नेमकी कशावर जडलेली असते? खेळाडूंवर म्हणावे, तर ते येतात आणि जातात. मालकावर म्हणावे, तर तो बदलला. गावावर म्हणावे, तर संघ गावात उरला नाही. विजयावर म्हणावे, तर पराभवाच्या नोंदी मामांनी तितक्याच काळजीपूर्वक का ठेवल्या?

हाच प्रश्न अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या संदर्भात अधिक उघडा होऊन समोर येतो. तिकडचा फुटबॉल हा खेळच निराळा; त्यात लांबट चेंडू हातात धरून धावतात. परंतु प्रेक्षकांची निष्ठा हा आपल्या चिंतनाचा विषय असल्यामुळे तो भेद येथे आड येत नाही. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी एक लाखाहून अधिक माणसे बसतात, आणि ज्यांच्यासाठी ती बसतात ते विद्यार्थी-खेळाडू चार-पाच वर्षांत पदवी घेऊन निघून जातात. नदीतले पाणी सतत वाहून जावे आणि तरी नदीचे नाव तेच राहावे, तसा हा प्रकार आहे. १९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांमध्ये एक अत्यंत दांडगाईचा सामना झाला; प्रिन्स्टनच्या अग्रणी खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. पुढे हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याचा चित्रपट दोन्हीकडील विद्यार्थ्यांना दाखवून नियमभंग मोजावयास सांगितले, तेव्हा डार्टमथच्या खेळाडूंनी केलेले जितके नियमभंग डार्टमथच्या विद्यार्थ्यांना दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. चित्रपट एकच, परंतु पाहणाऱ्यांनी दोन निरनिराळे सामने पाहिले. निष्ठा ही डोळ्यांनी पाहिल्यानंतर मनात उत्पन्न होणारी भावना नसून, डोळ्यांनी काय पाहावे हेच ती आधी ठरविते, असा या प्रयोगाचा आशय आहे.

दुसरा प्रयोग आमच्या वहीच्या अधिक जवळचा. रॉबर्ट चाल्दिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखवून दिले, की विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला की सोमवारी त्याचे नाव किंवा चिन्ह असलेले कपडे घालून वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढते. आणि त्यांना सामन्याविषयी विचारले असता विजयाचे वर्णन करताना ‘आम्ही’ हे सर्वनाम, तर पराभवाचे वर्णन करताना ‘ते’ हे सर्वनाम अधिक येते. दुसऱ्याच्या यशाच्या उन्हात स्वतःला शेकून घेण्याची ही मनुष्यस्वभावाची प्रवृत्ती आहे आणि तीत निंद्य असे काही नाही. परंतु निष्ठेचा खरा आरंभ या प्रवृत्तीच्या पलीकडे होतो. पणजीहून रात्री उशिरा परतलेले मामा विहिरीवर पाय धुऊन सोप्यावर टेकत, तेव्हा मामी आतूनच विचारी, “कितें जालें?” आणि मामा, उत्तर कोणतेही असो, एकाच कर्त्याने वाक्याला आरंभ करीत : “आमी जिखले,” किंवा “आमी हारले.” ‘ते हारले’ असे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. पराभवाच्या दिवशीही सर्वनाम न बदलणे, इतकीच निष्ठेची माझी व्याख्या आहे. आणि ती मी कोणत्याही ग्रंथातून नव्हे, तर त्या सोप्यावरून घेतली आहे.

हे सर्वनाम माणसाच्या जिभेवर कसे रुळते, हे समजण्यासाठी गोव्यातील फुटबॉलचा वंश थोडा पाहिला पाहिजे. १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश पाद्रींनी बार्देशातील शिवोलीस हा खेळ आणला, असे सांगितले जाते. जुन्या काबिजादीत चर्चच्या पुढचे पटांगण, त्याला लागून असलेली शाळा आणि भात कापून झाल्यावर मोकळी पडणारी शेते यांच्या आश्रयाने तो वाढला. आमची नवी काबिजादी, म्हणजे डिचोली, पेडणे, सत्तरी इत्यादी महाल, पोर्तुगीज अमलाखाली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. येथील लोकजीवन देऊळ, जत्रा, भजन आणि नाटक यांच्याभोवती गुंफलेले असल्यामुळे फुटबॉल येथे पाहुणा म्हणून आला. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास लोहखनिजाच्या खाणी जोरात सुरू झाल्या, नाना गावांची आणि नाना जातिधर्मांची माणसे एकाच हजेरीपटावर आली, आणि त्यांना सर्वांना समाईक असे देऊळ नसताना समाईक असे काहीतरी हवे होते. ते या खेळाने दिले. खाणमालकांनी संघ पोसले. वास्कोचा साळगांवकर संघ १९५६ चा. आठवडाभर लाल धुळीत राबलेल्या माणसांना रविवारी एका बाजूला उभे राहता आले, आणि ती बाजू जातीची नव्हती, ही त्या काळाच्या मानाने लहान गोष्ट नव्हे.

समाईक वस्तू एकदा हृदयात वसली म्हणजे ती जागेवरून हलली तरी चालते, याचा सर्वात मोठा दाखला आमच्याच तालुक्यात उभा आहे. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वर हा मूळचा दिवाडी बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिकडचे देऊळ उद्ध्वस्त केल्यानंतर देव नदी ओलांडून नार्व्यास आला, आणि १६६८ मध्ये श्रीशिवाजी महाराजांनी त्याचा जीर्णोद्धार करविला. स्थान बदलले म्हणून भक्तांनी देव बदलला नाही. उलट जे गमावले त्याची आठवण त्या भक्तीत मिसळून ती अधिक घट्ट झाली. देवाची आणि खेळाच्या संघाची बरोबरी मी करीत नाही. परंतु मनुष्याचे मन दोन्ही ठिकाणी एकाच रीतीने वागते, एवढे नम्रपणे सांगावेसे वाटते. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून कोलकात्यास आलेल्या निर्वासितांनी १९२० मध्ये स्थापन झालेल्या ईस्ट बंगाल संघाला जो जिव्हाळा दिला, त्यातही गमावलेल्या भूमीचेच नाव ते दर सामन्याला उच्चारीत होते. डिचोलीकरांनी पणजीला गेलेल्या संघात आपली डिचोली पाहिली, ती याच न्यायाने.

परंतु देवळात एक गोष्ट असते, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही : तेथे नित्यपूजा चालू असते. भक्ती स्मरणावर जगते हे खरे, पण स्मरण स्वतः कशावर जगते, तर पुनःपुन्हा एकत्र येण्यावर. कोणीही आपला संघ गुणदोषांची छाननी करून निवडीत नाही. कोणीतरी आपला हात धरून आपल्याला मैदानावर नेतो. आपण आठ-नऊ वर्षांचे असतो. शेजारचा अनोळखी माणूस गोल झाल्याबरोबर आपल्याला उचलून खांद्यावर घेतो. परतताना कागदाच्या पुडीतले चणे खात आपण मोठ्यांचे बोलणे ऐकतो. आणि असे पाच-पन्नास रविवार गेल्यानंतर केव्हातरी ‘ते’चे ‘आम्ही’ होते. निष्ठा ही वतनासारखी वारशाने येते, मात्र हे वतन असे, की वारसाला प्रत्यक्ष वहिवाटीत आणल्याशिवाय ते त्याच्या नावावर चढत नाही.

गेल्या दोन दशकांचा इतिहास याच दृष्टीने वाचला पाहिजे. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंतच्या सलग सहा हंगामांत आय-लीगचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. त्यांपैकी तीन वेळा ते डेंपोने, दोनदा चर्चिल ब्रदर्सने आणि एकदा साळगांवकरने मिळविले. त्याआधीची राष्ट्रीय लीगची दोन अजिंक्यपदे धरून डेंपोची एकूण पाच होतात. आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स आणि नायजेरियाचा रांती मार्टिन्स यांनी जो खेळ केला, त्याच्या आठवणीने आजही डिचोलीच्या बाजारातले प्रौढ गृहस्थ बोलता बोलता उभे राहतात. २००९ मध्ये डेंपो समूहाने आपला खाण-व्यवसाय विकला, पण संघ विकला नाही, हेही येथे कृतज्ञतेने नोंदले पाहिजे. पुढे २०१२ मध्ये, आधी राज्य शासनाच्या आणि पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमाने, खाणी थांबल्या, आमच्या तालुक्यातील ट्रक अंगणात उभे राहिले. आणि २०१६ मध्ये, देशातील लीगच्या पुनर्रचनेची योजना न पटल्यामुळे डेंपो, साळगांवकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. राष्ट्रीय पातळीवरची ती वहिवाट अनेक वर्षे खंडित झाली. ज्यांची निष्ठा आधी जडली होती, त्यांची टिकली. परंतु त्या वर्षांत जी मुले आठ-नऊ वर्षांची होती, त्यांना हात धरून नेण्यासारखे ठिकाण उरले नाही. त्यांनी फातोर्ड्याच्या एफसी गोवाला आपले मानले किंवा परदेशातल्या संघांना मानले, यात त्यांचा दोष काय?

२०२४ मध्ये द्वितीय श्रेणीतून वर येऊन डेंपो पुन्हा आय-लीगमध्ये दाखल झाला. त्यानंतर मी माझ्या नातवाला एका सामन्यास घेऊन गेलो. चाळीस वर्षांपूर्वीची गर्दी नव्हती. आम्ही सावलीच्या बाजूला बसलो; त्याने चणे मागितले, दोन खेळाडूंची नावे विचारली, एका चुकलेल्या गोलाला माझ्याआधी उठून उभा राहिला. सामना आमच्या हातचा गेला. घरी पोहोचल्यावर त्याच्या आईने विचारले, तेव्हा तो चप्पल काढता काढता म्हणाला, “ते हारले.” मला वाईट वाटले नाही. मामांनी मला एकदा नेले नव्हते, वर्षानुवर्षे नेले होते. आणि माझ्या जिभेवरही ‘ते’च्या जागी ‘आमी’ कोणत्या रविवारी आले, ते मला आज सांगता येणार नाही. पुढच्या सामन्याला आम्ही दोघे पुन्हा जाणार आहोत.

‘आम्ही’ या शब्दाचा विचार येथवर झाला. समासातील त्याच नोंदीत ज्याचे नाव मामांनी नेहमी पूर्ण लिहिले, त्या प्रतिस्पर्ध्यावाचून निष्ठा उभी राहू शकते काय, याचा विचार पुढील लेखांकी करू.

(क्रमशः)