रजिस्टरातला भिवा आणि शाळेतला नळ

साताऱ्यातल्या प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या रजिस्टरात १९१४ क्रमांकाची एक नोंद आहे. १९१४ हे साल नव्हे, विद्यार्थ्याचा नोंदक्रमांक. नाव : भिवा रामजी आंबेडकर. प्रवेशाची तारीख ७ नोव्हेंबर १९००, इयत्ता पहिली इंग्रजी. मुलाचं वय नऊ वर्षं.

शाळा तेव्हा सरकारी होती. १८४८ साली इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं आणि पुढे राजवाड्यात मुलांचे वर्ग भरू लागले. आता ती जिल्हा परिषदेकडे आहे. भिवा इथे १९०४ पर्यंत शिकला, मग बिऱ्हाड मुंबईला हललं आणि १९०७ साली तो एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. तीही सरकारीच शाळा.

२७ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्य सरकारने ७ नोव्हेंबर हा ‘विद्यार्थी दिवस’ ठरवला. तेव्हापासून शाळाशाळांतून या दिवशी भाषणं होतात, निबंध लिहून घेतले जातात, संविधानाची उद्देशिका वाचली जाते. तारीख मात्र मोठी अडचणीची. २०१८ साली त्याच दिवशी लक्ष्मीपूजन आलं. शाळांना कुलपं आणि मुलं फटाक्यांत! जन्मदिवस किंवा पुण्यतिथी न धरता एका मुलाचं नाव शाळेत घातल्याचा दिवस साजरा करायचा, ही कल्पना मला फार आवडते. तक्रार आहे ती भाषणांबद्दल. ती ‘प्रतिकूल परिस्थितीवर मात करून’ या तीन-चार शब्दांत पुढे सरकतात. परिस्थिती म्हणजे नेमकं काय, हे मुलांना कळतच नाही.

ते भिवाने, म्हणजे पुढच्या बाबासाहेबांनी, स्वतः लिहून ठेवलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोटेखानी आठवणींत. वर्गात मुलं गुणवत्तेच्या क्रमाने बसत, भिवा एकटा कोपऱ्यात. खाली अंथरायला गोणपाटाचा तुकडा, आणि तोही रोज घरून आणायचा, संध्याकाळी घरी न्यायचा. कारण शाळा झाडणारा गडी त्या गोणपाटाला हात लावत नसे. पाण्याचं तर आणखी विचित्र. तहान लागली की इतर मुलांनी मास्तरांना विचारायचं, नळावर जायचं, चावी फिरवायची, प्यायचं. भिवाला मास्तरांची परवानगी पुरत नसे. नळ त्याने उघडायचा नाही, दुसऱ्या कुणी उघडून द्यायचा. मास्तरांना हे काम सांगता येईल असा माणूस एकच, शाळेचा शिपाई. तो जागेवर नसला तर पाणी नाही.

घरीही तेच. साताऱ्यात परीट होते, धुलाईचे पैसे देण्याची ऐपतही होती, पण या घरचे कपडे घेणार कोण? बहिणी धूत. न्हावी डोक्याला हात लावत नसे, म्हणून थोरली बहीण भावंडांचे केस कापायची. भावांच्याच डोक्यांवर हात बसवत ती या कामात चांगली तरबेज झाली, असं बाबासाहेब किंचित मिस्कीलपणे नोंदवतात. सुभेदार रामजींच्या या लेकीची आठवण कुठल्या भाषणात निघाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. भिवाने शाळा सोडून तेव्हा वीस वर्षं झाली होती. आणि सार्वजनिक पाण्याला हात लावायचा हक्क बजावायला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर उतरले ते २० मार्च १९२७ रोजी. महाडवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या तळ्याच्या आधी एक नळ होता, एवढंच मला इथे जोडायचं आहे.

म्हणून ७ नोव्हेंबरची भाषणं बसवून घेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. यंदा निबंधाचा विषय फळ्यावर लिहून देऊ नका. परिपाठ संपला की मुलांना रांगेने शाळेच्या नळापाशी न्या, आणि गोणपाटाचं नि शिपायाचं ते पान तिथे उभं राहून मोठ्याने वाचून दाखवा. सुट्टी असली, तर शाळा उघडेल त्या दिवशी.