परिहृद् रोहिणींचे दाबमापन व प्रतिमांकन : प्रगत फेलोशिप प्रशिक्षणाची आवश्यकता

प्रस्तावना :
हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या परिहृद् रोहिणींची निवडक अँजिओग्राफी डॉ. मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये प्रथम केली. १९७७ मध्ये झुरिक येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साहाय्याने या रोहिणी रुंदावण्याची पद्धत यशस्वी केली. तथापि अँजिओग्राफी ही रोहिणीच्या पोकळीची केवळ छाया होय. तीत अडथळा दिसतो. त्यामुळे रक्तप्रवाह किती घटतो, हे निश्चित होत नाही. ही उणीव दूर करणाऱ्या प्रशिक्षणाचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

दाबमापन :
डॉ. निको पाइल्स व डॉ. बर्नार्ड डी ब्रुइन यांनी १९९० च्या दशकात 'फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह' अर्थात एफएफआर हे मापन विकसित केले. ॲडेनोसिनसारख्या औषधाने रक्तप्रवाह कमाल करून अडथळ्यापलीकडील दाबाला महारोहिणीतील दाबाने भागले जाते. गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी असल्यास अडथळा महत्त्वाचा मानतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेम' अभ्यासात १,००५ रुग्ण होते. मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पुन्हा उपचार यांचे एका वर्षातील प्रमाण अँजिओग्राफी गटात १८.३ टक्के, तर एफएफआर गटात १३.२ टक्के आढळले. विशेष म्हणजे, डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटणाऱ्या अडथळ्यांपैकी केवळ ३५ टक्केच या मापनानुसार महत्त्वाचे ठरले.

प्रतिमांकन :
दाबमापन 'उपचार करावा की नाही' हे सांगते. प्रतिमांकन 'तो कसा करावा' हे सांगते. आयव्हसमध्ये ध्वनिलहरी, तर ओसीटीमध्ये अवरक्त प्रकाश वापरतात. ओसीटी सुमारे १० ते २० मायक्रॉनपर्यंतचा तपशील दाखविते. आयव्हस अधिक खोलवर पाहू शकते. कॅल्शियमचा थर किती जाड आहे, स्टेंट पुरेसा उघडला की नाही, हे यांवरून कळते. युरोपीय हृद्रोग संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी गुंतागुंतीच्या अडथळ्यांत अशा प्रतिमांकनाची ठाम शिफारस केली आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप :
उपकरण हाताळणे तुलनेने सोपे. चुकीचे मापन ओळखणे कठीण. प्रारंभी दोन्ही दाब समान करून न घेणे, मार्गदर्शक कॅथेटरमुळे दाब दबणे, औषधाचा परिणाम अपुरा असणे, किंवा मापनादरम्यान संवेदकाचा दाब सरकणे, यांपैकी एकाही दोषाने निर्णय उलटू शकतो. म्हणून तार परत आणून गुणोत्तर पुन्हा १.०० येते का, हे पडताळण्याची सवय लागावी लागते. हृद्रोगशास्त्राच्या मूळ अभ्यासक्रमात अनेक विषय असल्याने ही सवय अंगवळणी पडण्यास स्वतंत्र कालावधी, अनुभवी मार्गदर्शक व प्रत्येक नोंदीची चर्चा आवश्यक ठरते.

समारोप :
अनावश्यक स्टेंटमुळे रुग्णाला खर्च, रक्त गोठू न देणारी औषधे व रक्तस्रावाचा धोका विनाकारण स्वीकारावा लागतो. आवश्यक स्टेंट टाळल्यास धोका त्याहून गंभीर असू शकतो. म्हणूनच अशा फेलोशिपचे मूल्यमापन केलेल्या प्रक्रियांच्या संख्येवर न करता, विचारपूर्वक केलेल्या आणि विचारपूर्वक टाळलेल्या प्रक्रियांवर व्हावे.