विश्लेषण : अडगळीतल्या फिशटँकमध्ये रान कसे जगते?

मासे मेले, पंप बिघडला आणि फूटभर काचपेटी माळ्यावर गेली, असे अनेक घरांत झालेले असते. त्याच पेटीत माती, नेचे, शेवाळ आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे घालून छोटे जिवंत रान उभे करता येते. त्याला व्हिवेरियम म्हणतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ भरपूर आहेत, पण त्यातले बरेचसे थंड देशांतले. नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पोशीरसारख्या गावात चार महिने भिंतींनाही पाझर फुटतो आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तिथे ही पेटी कशी टिकवायची, तिच्यात काय घालायचे आणि काय घालायचे नाही, याविषयी…

व्हिवेरियम म्हणजे नेमके काय?

व्हिवेरियम म्हणजे सजीवांना राहण्यासाठी केलेली काचेची जागा. फक्त झाडे असतील तर तिला टेरॅरियम म्हणतात, अर्धे पाणी असेल तर पालुडेरियम. नावांत फार अडकायला नको.

कल्पना जुनी आहे. नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड हे लंडनच्या पूर्व भागातले डॉक्टर. त्यांना नेच्यांचे वेड होते, पण शहराच्या धुरात नेचे जगत नसत. १८२९च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बाटलीत ठेवून झाकण लावले. पतंगाचे काय व्हायचे ते झाले, पण बाटलीतल्या मातीत एक नेचा आणि थोडे गवत उगवले आणि बाहेरून पाणी न घालता ते जगत राहिले. १८३३ मध्ये वॉर्ड यांनी झाडे भरलेल्या काचपेट्या जहाजाने सिडनीला पाठवल्या आणि महिनोन्महिन्यांच्या खाऱ्या वाऱ्यातून ती झाडे सुखरूप पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांसाठी चहाची रोपे आणली, ती अशाच ‘वॉर्डियन केस’मधून. आपल्याकडच्या चहामागे एका बंद बाटलीतला नेचा आहे, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

पाणी न घालता झाडे जगतात कशी?

मातीतले पाणी मुळांवाटे पानांत जाते, पानांतून वाफ होऊन बाहेर पडते, काचेला लागून थंड होते आणि थेंब होऊन पुन्हा मातीत उतरते. कौलारू घराच्या पागोळ्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. दिवसा झाडे कार्बन डायऑक्साइड घेऊन ऑक्सिजन सोडतात. झाडांचा, मातीतल्या बुरशीचा, जिवाणूंचा आणि किड्यांचा श्वासोच्छ्वास मात्र दिवसरात्र चालू असतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड परत मिळतो. गळलेले पान कुजते, त्यातले क्षार पुन्हा मुळांना मिळतात.

इंग्लंडमधल्या एका गृहस्थांनी १९६० मध्ये लावलेल्या आणि १९७२ नंतर पाणीच न घातलेल्या बाटलीचा फोटो अनेकांच्या व्हॉट्सॲपवर आला असेल. तो पाहून ‘एकदा बंद केली की विसरा’ असा समज होतो. आपल्याकडे तो महागात पडतो. ती बाटली तिथल्या थंड घरात आहे, पोशीरच्या पत्र्याखाली नाही.

पेटीत थर कसे भरायचे?

बारा इंच लांब, आठ इंच रुंद आणि आठ इंच उंच पेटीत सुमारे बारा लिटर पाणी मावते. एवढी पेटी सुरुवातीला पुरते. काच साबणाने धुऊ नका, व्हिनेगर लावून पांढरे डाग काढा आणि साध्या पाण्याने दोनदा खळबळा. सांधा किंचित गळत असेल तर ॲक्वेरियमचे सिलिकॉन लावून दोन दिवस वाळू द्या. बाथरूमसाठी मिळणारे बुरशीरोधक सिलिकॉन टाळा. आत बुरशी आणि ती खाणारे किडे दोन्ही हवे आहेत.

तळाशी दीड इंच निचऱ्याचा थर. यासाठी बाजारातले मातीचे गोळे महाग पडतात. वीटभट्टीवरचा चुरा किंवा फुटक्या कौलांचे बोराएवढे तुकडे तेच काम करतात. ते धुऊन घ्या, नाहीतर धूळ तळाशी बसून चिखल होतो. त्यावर नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा, म्हणजे माती खाली उतरणार नाही. सुती कापड महिना-दोन महिन्यांत कुजते. एका कोपऱ्यात बोटाएवढी प्लास्टिकची नळी तळापर्यंत उभी करा. ही नळी बहुतेक व्हिडिओंत नसते आणि तिच्यावाचूनच पेट्या सडतात. खाली किती पाणी साचले हे तिच्यातून दिसते आणि जास्त झालेले पाणी सलाईनच्या बारीक नळीने ओढून काढता येते. साचलेले पाणी निचऱ्याच्या थराच्या निम्म्यापेक्षा वर जाऊ देऊ नका.

आता माती. भातखाचरातली चिकण माती नको, ती ओली झाली की विटेसारखी घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेली पानांची कुजकी माती, एक भाग जळका तूस. कर्जतच्या पट्ट्यात भाताच्या गिरण्या आहेत, तूस सहज मिळतो. तो काळा होईपर्यंत अर्धवट जाळायचा, राख होऊ द्यायची नाही. मातीत हवा खेळती ठेवायला याच्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नाही. मूठभर लाकडी कोळसा घातला तरी चालतो, पण ‘कोळसा पाणी कायम शुद्ध ठेवतो’ हा दावा अतिशयोक्त आहे. शेणखत घालू नका, गांडूळखतही चिमूटभरच. या पेटीत झाडे भराभर वाढणे हे यश नव्हे, डोकेदुखी आहे.

मातीची उंची पुढे दीड इंच, मागे तीन. मागच्या काचेला नारळाचे सोडण सिलिकॉनने चिकटवले तर वेलींना धरायला जागा होते. मिश्रण भरण्याआधी मुठीत दाबून पाहा. गोळा व्हायला हवा, पण बोटांमधून पाणी ओघळता कामा नये.

कोणती झाडे टिकतात?

रोपवाटिकेत मिळणारे फिटोनिया, पेपरोमिया, पिलिया, बुटके नेचे, भिंतीवर चढणारा बारीक पानांचा फायकस. मनीप्लांट जगतो, पण तीन महिन्यांत सगळी पेटी व्यापतो. निवडुंग आणि सक्युलंट घालायचे नाहीत. व्हिडिओंत ते छान दिसतात, कारण चित्रीकरण लावल्याच्या दिवशी झालेले असते. आणलेल्या रोपाची मुळे धुऊन जुनी माती काढा आणि दोन आठवडे बाहेर सावलीत ठेवा. त्यावरचे कीटकनाशक पेटीत गेले तर आतले उपयोगी किडे पहिल्याच दिवशी मरतात.

शेवाळाबद्दल थोडे सविस्तर. मराठीत डबक्यातल्या हिरव्या तवंगालाही शेवाळ म्हणतात आणि जोत्यावर उगवणाऱ्या मखमलीलाही. आपल्याला हवी ती मखमल, म्हणजे मॉस. तिला खरी मुळे नसतात, पाणी ती थेट पानांतून शोषते. म्हणून बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वर्षभर फवारले की ती तपकिरी पडते. पावसाचे पाणी दोन-चार बाटल्यांत साठवून ठेवा, एवढ्याशा पेटीला वर्षभर पुरते. भर उन्हातल्या कठड्यावरचे मॉस आणू नका, त्याला ओले-कोरडे होण्याची सवय असते आणि बंद पेटीत ते लांबट होऊन कुजते. सावलीतल्या, कायम दमट जागेतले घ्या.

रानातून आणले तर काय बिघडते?

पहिली गोष्ट कायद्याची. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या आहे. जंगलातून आणलेल्या झाडांखेरीजच्या वनस्पतींचा तिथे उल्लेख आहे आणि गवत, वेलींच्या यादीत मॉसचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. ब्रिटिश काळातल्या या कायद्याने मॉसची दखल घेतली, आपण मात्र ते पिशवीत भरताना काही वाटून घेत नाही. माथेरानचा परिसर तर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. कातळावर मॉसचा जाड थर बसायला वर्षे लागतात. त्या थरात पाणी थांबते, बिया अडकतात, छोटे जीव अंडी घालतात. तळहाताएवढा तुकडा आपल्या घराच्या जोत्यावरून घेतला तर पुढच्या जूनमध्ये भरून येतो. घाटातल्या कातळावरून गोणी भरली तर उघडा दगड उरतो. हंसराज नावाचा नाजूक नेचा विहिरीच्या भिंतीत दिसतो, तोही ओरबाडून आणला की क्वचितच जगतो. रोपवाटिकेतलाच घ्यावा.

त्यात बेडूक ठेवता येईल का?

हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि पावसाळ्यात पोशीरच्या खाचरांत बेडूक पायाखाली येतात, त्यामुळे मोह मोठा. उत्तर नाही असेच आहे. बेडूक कातडीवाटेही श्वास घेतो. पेटीतली घाण आणि गरमी त्याला आपल्यापेक्षा कितीतरी आधी बाधते. त्याला रोज जिवंत भक्ष्य लागते आणि फूटभर जागा कमीच पडते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अनुसूचीतला प्राणी नुसता पकडणेही शिकारीच्या व्याख्येत येते. सह्याद्रीत बेडकांच्या अनेक जाती आहेत, काही एखाद्या घाटमाथ्यापुरत्याच. हातात आलेला कोणता, हे तज्ज्ञालाही चटकन सांगता येत नाही.

शिवाय रोगाचा प्रश्न आहे. कायट्रिड बुरशीने जगभर ५०१ उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांतल्या ९० बहुधा नामशेष झाल्या, असे ‘सायन्स’ नियतकालिकातल्या २०१९च्या अभ्यासात मांडले आहे. ही बुरशी पसरण्यात प्राण्यांच्या व्यापाराचा मोठा वाटा मानला जातो. स्टार कासवही कुणी ‘पेटीत छान दिसेल’ म्हणून विकत असेल तर सरळ नकार द्या. ते पाळणे गुन्हा आहे.

मग पेटीत ‘जिवंत’ काय?

स्प्रिंगटेल. एक-दोन मिलिमीटरचे पांढुरके जीव, पोटाखालची शेपटी झटकून उडी मारतात. ओल्या सोडणाखाली, खताच्या खड्ड्याच्या कडेला ते असतात. त्यांचे खाद्य म्हणजे बुरशी. नव्या पेटीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाकडावर पांढरी बुरशी येतेच, तेव्हा घाबरून पेटी रिकामी करू नका, स्प्रिंगटेल ती संपवतात. एका बरणीत कोळशाचे तुकडे, थोडे पाणी आणि तांदळाचे चार दाणे ठेवले की त्यांची संख्या वाढते.

दुसरा जीव म्हणजे कुंडीखाली सापडणारा, हात लावताच गोळी होणारा राखाडी किडा. तो खरे तर कीटक नाही, खेकडा-कोळंबीचा जमिनीवर राहणारा नातेवाईक आहे. त्याला दमट हवा लागते आणि गळलेली पाने तो आनंदाने खातो. पाच-सहा पुरेत. गोम घालू नका, ती बाकीच्यांना खाईल. गोगलगाय रोपे फस्त करते. काचेला नाक लावून तासभर पाहिले तर या चिमुकल्या मंडळींची ये-जा बेडकापेक्षा जास्त रंजक वाटते, हा अनुभव आहे. मुलांना पटायला थोडा वेळ लागतो.

उन्हाळा आणि पावसाळा कसा काढायचा?

या लेखकाची पहिली पेटी मार्चमध्ये पूर्वेच्या खिडकीत ठेवली होती. ऊन जेमतेम दोन तास यायचे. दुपारी काचेला हात लावला तर चहाच्या कपासारखी गरम, आणि संध्याकाळी आतला फिटोनिया उकडलेल्या पालकासारखा. काच प्रकाश आत घेते, उष्णता बाहेर सोडत नाही. त्यामुळे थेट ऊन अजिबात नको. उत्तरेची खिडकी किंवा वरून आठ-दहा वॅटचा पांढरा एलईडी, दिवसाला आठ-नऊ तास. वीज गेली म्हणून काळजी नको, एखाद-दुसऱ्या दिवसाच्या अंधाराने काही होत नाही.

एप्रिल-मेमध्ये पेटी तळमजल्यावर, फरशीवर ठेवा. दुपारी तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळा, रात्री झाकण बोटभर उघडे. पावसाळ्यात उलटे. बाहेरची हवाच इतकी दमट की आतली वाफ सुकत नाही, तेव्हा झाकणाऐवजी बारीक जाळी पुरते. काच वाचायला शिका. सकाळी एका बाजूला धुके आणि दुपारपर्यंत स्वच्छ, म्हणजे ठीक. दिवसभर सगळी काच धुरकट, म्हणजे पाणी जास्त. थेंबच नाही, म्हणजे फवारा मारा.

डासांचे मात्र विसरू नका. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याला वाटीभर साचलेले पाणी पुरते. कोपऱ्यातल्या नळीच्या तोंडाला बूच किंवा कापडाची गुंडी हवीच, वरची जाळीही कडेपर्यंत घट्ट.

पेटी मोडताना काय करायचे?

कधीतरी पेटी बिघडते किंवा कंटाळा येतो. तेव्हा ती शेताच्या बांधावर किंवा नदीत ओतू नका. रोपवाटिकेतल्या मातीबरोबर कुठले बी, कुठली गोगलगायीची अंडी, कुठली बुरशी आली हे आपल्याला माहीत नसते, आणि पोशीर नदी पुढे उल्हासला मिळते. झाडे कुंड्यांत लावा, गोळी होणारे किडे जिथून उचलले त्याच अंगणात सोडा. माती काळ्या प्लास्टिकवर पातळ पसरून चार-पाच दिवस कडक उन्हात तापवा आणि मग घरच्याच कुंडीत वापरा. पावसाळा असेल तर ती गोणीत बांधून ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहा.