'लागणे' आणि 'लगना' : एका धातूची दोन घरे

दूरच्या भाषेपेक्षा शेजारची भाषा शिकणे सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. तो पूर्णपणे खरा नाही. इंग्रजी शिकणाऱ्या चिनी भाषकाला 'गेट' या क्रियापदाचे अनेक अर्थ गोंधळात टाकतात. परंतु त्या शब्दाचा सगोत्र त्याच्या भाषेत नसल्यामुळे तो सावध असतो आणि प्रत्येक अर्थ नव्याने शिकतो. मराठी शिकणाऱ्या हिंदी भाषकाची स्थिती याच्या उलट असते. 'लागणे' हा शब्द समोर येताच त्याला 'लगना' आठवते, आणि ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबून तो फसतो.

या फसगतीचे स्वरूप पाहण्यास भिलाईचा कॅम्प-१ हा भाग सोयीचा आहे. सोव्हिएत साहाय्याने पोलाद कारखाना उभारण्याचा करार फेब्रुवारी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. बांधकामाच्या त्या काळातील मजुरांच्या तळाचे नाव पुढे कायमच्या वस्तीला लागले. येथील मातीची भाषा छत्तीसगढी, शाळेची व व्यवहाराची हिंदी. कारखान्याच्या निमित्ताने भिलाईत आलेल्या तेलुगू, उडिया, बंगाली, मलयाळी, पंजाबी कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही आली. त्यांची मुले हिंदीत शिकली. मराठी उंबरठ्याच्या आत राहिली. त्यामुळे अशा घरातील मूलही एका अर्थी मराठीचा विद्यार्थीच असते. नातू आजीला सांगतो, "मला लागते की आज पाऊस येईल." आजी प्रथम विचारते, "कुठे लागले?" त्याला 'मला वाटते' असे म्हणायचे असते. व्याकरणाच्या दृष्टीने चूक लहान आहे. पण घरातल्या घरात दुभाष्याची गरज पडू लागल्याची ती पहिली खूण असते.

दोन्ही क्रियापदे संस्कृत 'लग्' या धातूच्या कुळातील आहेत. चिकटणे, संलग्न होणे हा त्याचा मूळ अर्थ. 'लग्न' या कृदन्ताचे प्राकृतात 'लग्ग' झाले. मराठीत त्यापासून 'लाग-', तर प्रमाण हिंदीत 'लग-' असे रूप रूढ झाले. पुष्कळ ठिकाणी दोन्ही भाषा आजही एकत्र नांदतात. भूक लागते, आग लागते, वेळ लागतो, रोपटे जमिनीला लागते, मूल रडू लागते, एखादी बाई नात्याने मावशी लागते : हे सर्व प्रयोग थोड्याफार फरकाने हिंदीत जसेच्या तसे उतरतात. फसगतीची बीजे या साम्यातच आहेत.

पहिली फारकत मनाच्या प्रांतात होते. हिंदीत भूकही 'लगती है' आणि डरही 'लगता है'. मराठीत मात्र भूक लागते, भीती वाटते. आंबा गोड लागतो. गाणे गोड वाटते. हिंदीतील 'अच्छा लगा' या एकाच वाक्याची मराठीत दोन वाक्ये होतात. पदार्थाविषयी बोलणे असेल तर 'चांगला लागला', भेटीविषयी असेल तर 'बरे वाटले'. म्हणजे जिभेला व देहाला जे भिडते ते बहुधा 'लागणे'कडे, मनात जे उमटते ते 'वाटणे'कडे. हा नियम अर्थात निरपवाद नाही. देहाचीच असूनही थंडी प्रमाण मराठीत 'वाजते'. उलट वेड, ध्यास, ओढ, गोडी ही मनाची असूनही 'लागतात'. पण या दुसऱ्या अपवादात मूळ अर्थच अधिक स्पष्ट होतो. 'चिंता वाटते' ही येणारी-जाणारी भावना. 'चिंता लागली' म्हणजे ती चिकटली, आता सहज सुटणार नाही.

दुसरी फारकत सक्तीच्या अर्थाची आहे. 'मुझे जाना पड़ा' याचे मराठी 'मला जावे लागले'. वाक्याची घडण जवळजवळ सारखी, कर्ता दोन्हीकडे 'को'-'ला' या विभक्तीत. फक्त क्रियापद बदलते. हिंदीत कर्तव्य माणसावर कोसळते, मराठीत ते त्याला जडते. हीच अदलाबदल प्रवासातही दिसते. नागपूरहून रेल्वेने भिलाईला येताना वाटेत गोंदिया, राजनांदगाव आणि दुर्ग 'लागतात'. हिंदी प्रवाशाच्या तोंडी तीच गावे 'पड़ती हैं'. तेव्हा हिंदीच्या 'लगना'चा काही वाटा मराठीने 'वाटणे'ला दिला आणि हिंदीच्या 'पड़ना'चा काही वाटा 'लागणे'कडे ठेवला, असे म्हणता येईल.

काही ठिकाणी मराठीने सूक्ष्म भेद राखला आहे. 'झोप आली होती, पण झोप लागली नाही' या वाक्यात 'येणे' म्हणजे डोळे जड होणे, 'लागणे' म्हणजे प्रत्यक्ष निद्राधीन होणे. हिंदीत 'आँख लगना' हा प्रयोग आहे खरा. तथापि सामान्यतः दोन्ही अवस्थांना 'नींद आना' पुरते. त्याचप्रमाणे 'मला चहा हवा' ही या घटकेची इच्छा, तर 'मला सकाळी चहा लागतो' ही जडलेली सवय. दोन्हीसाठी 'चाहिए' हा पर्याय वापरणाऱ्या अनुवादकाच्या हातून पात्राचा स्वभावच निसटण्याचा संभव असतो.

कॅम्प-१ च्या परिसरात या गुंत्याला आणखी एक पदर आहे. छत्तीसगढीत धातूचे रूप मराठीप्रमाणे दीर्घ आहे : 'भूख लागथे'. परंतु 'मोला अइसे लागथे' म्हणजे 'मला असे वाटते'. आणि 'जावे लागेल' हे 'जाय बर परही' असे होते. रूप मराठीसारखे, अर्थाची वाटणी हिंदीसारखी. म्हणून छत्तीसगढी कानाला मराठी वाक्य हिंदीपेक्षाही अधिक ओळखीचे वाटते आणि तेथे चूक होण्याचा संभवही वाढतो.

कोश येथे मर्यादित साहाय्य करतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) या क्रियापदाचे अर्थ विस्ताराने दिले आहेत. तो विस्तार अभ्यासकाला मोलाचा आहे. परंतु सुटे अर्थ पाठ करून शिकणाऱ्याला कोणता अर्थ केव्हा येतो हे उमगत नाही. त्याला हवी असते सीमारेषा. हिंदी भाषकासाठी 'लागणे' हे एकटे न शिकवता 'लागणे-वाटणे' आणि 'लागणे-पड़ना' अशा जोड्यांनी शिकवावे. बाहेरून येऊन चिकटणे हा मूळ अर्थ प्रत्येक जोडीत दाखवावा. 'विहिरीला पाणी लागले', 'निकाल लागला', 'तो नोकरीला लागला' हे प्रयोग मग निव्वळ पाठांतराचे राहत नाहीत.

हा प्रश्न वर्गापुरता नाही. समर्थ रामदासांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत आणणारे माधवराव सप्रे मराठीभाषी होते. त्यांनी १९०० मध्ये छत्तीसगढातील पेंड्रा येथून 'छत्तीसगढ़ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. अखेरची वर्षे राजनांदगावी अध्यापन करणारे गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे कवी झाले, तर त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीचे. या प्रदेशात दोन भाषा एका घरात नांदण्याची परंपरा आहे. ती टिकते ती दोन्ही भाषांतील सीमारेषा ओळखणाऱ्यांमुळे. त्या पुसल्या की मराठी शब्द तोंडी राहतात, पण त्यांतून हिंदीच बोलली जाते. आणि नातवाचे 'मला लागते' ऐकून आजीला त्याची जखम शोधावी लागते.