अडकलेला नट: जोर सगळ्यात शेवटी

आजचा विषय आहे जुनी कोळशाची शेगडी, म्हणजे ज्यावर आपण कबाब, पनीर, कणसं भाजतो ते ग्रिल. ते दुरुस्त करायला घेतलं की पहिली अडचण येते अडकलेल्या भागांची. नट फिरत नाही, झाकणाची बिजागरी हलत नाही, हवेची झडप जागची सरकत नाही.

मी चंडीमंदिरहून बोलतोय. पंचकुल्याला लागून असलेली ही लष्करी छावणी. सैन्याच्या पश्चिम कमांडचं मुख्यालय इथं आहे, आणि ज्या चंडीदेवीच्या मंदिरावरून चंडीगडला नाव मिळालं, तेही इथंच. इकडे शेगडी थंडीत पेटते, मार्चनंतर राखेसकट व्हरांड्यात पडून राहते आणि जुलै ते सप्टेंबरचा पाऊस तिच्यावरून जातो. राख ओलावा धरून ठेवते. मसाल्यातलं मीठ तिच्यात गळलेलं असतं. ओलावा आणि मीठ एकत्र आलं की लोखंड झपाट्यानं गंजतं. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या श्रोत्यांना हे खाऱ्या हवेमुळे वेगळं सांगायला नको.

आधी ओळखा, भाग कशानं अडकलाय. कारणं मुख्यतः दोन. काळा, चकचकीत, नखानं थोडा खरवडला जाणारा थर असेल तर ती जळून घट्ट झालेली चरबी आणि काजळी. तांबूस, पापुद्रे सुटणारा थर असेल तर गंज. हवेची झडप बहुतेक वेळा चरबीनं अडकते, नट-बोल्ट गंजानं. उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

चरबीला गरम पाणी आणि धुण्याचा सोडा लागतो. हातमोजे घाला, फडकं भिजवून झडपेवर तासभर ठेवा, मग लाकडी पट्टीनं सरकवा. झडप ॲल्युमिनियमची असेल तर सोडा वापरू नका, तो त्या धातूला खातो. तिथं भांड्याचा साबण आणि गरम पाणी पुरे.

आता गंज. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये मुळात केसाएवढी फट असते. गंज त्या फटीत फुगतो आणि पाचरीसारखा बसतो. म्हणजे नट घट्ट आवळलाय म्हणून अडत नाही, मध्ये पाचर ठोकली गेलीय म्हणून अडतो. लांब पाइप लावून पाना ओढला तर पाचर निघत नाही, बोल्ट पिळवटून तुटतो. किंवा बिडाचा कान तुटतो, आणि तो मिळत नाही. बोल्ट बाजारात काही रुपयांना मिळतो. जुन्या शेगडीचं बिडाचं अंग परत मिळत नाही. सगळं काम हे लक्षात ठेवून करायचं.

पहिली पायरी, तारेच्या ब्रशनं बाहेर आलेले आटे साफ करा. नट त्यांच्यावरूनच बाहेर येणार आहे.

दुसरी, तेल आणि वेळ. गंज सोडवणारं पातळ तेल दुकानात मिळतं. डब्ल्यूडी-४० सगळ्यांना माहीत आहे. ते १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवण्यासाठी तयार झालं आणि नावातले ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. हलक्या गंजाला ते चालतं, जुनाट गंजाला खास पेनिट्रेटिंग ऑइल बरं. शेगडी अशी कलती ठेवा की तेल आट्यांत उतरेल. रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा लावा. मोहरीचं किंवा शेंगदाण्याचं तेल वापरू नका. ते दाट असतं, आत शिरत नाही आणि तापल्यावर डिंकासारखं चिकटतं.

तिसरी, ठोके. बोल्टच्या डोक्यावर सरळ, हलके, पुष्कळ ठोके द्या. पलीकडून जड लोखंड टेकवा. हादऱ्यानं गंजाला तडे जातात आणि तेल आत शिरतं. बिडावर मात्र हातोडी मारायची नाही.

चौथी, पाना. नेमक्या मापाचा रिंग पाना घ्या, शक्यतो सहा कोपऱ्यांचा. बारा कोपऱ्यांचा झिजलेल्या नटावरून घसरतो. आधी नट किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडवा. थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा तेल. हलला की घाई करू नका.

एवढं करूनही नाही हलला तर उष्णता. तेल पुसून घ्या, काम मोकळ्या हवेत करा, पाण्याची बादली जवळ ठेवा. टॉर्चची ज्योत नटावर धरा, बोल्टवर नको. नट तापला की त्याचं भोक मोठं होतं. दहा मिलिमीटरचं भोक दोनशे अंशांनी तापलं तर साधारण मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढं वाढतं. ऐकायला कमी वाटतं, पण गंजाची पकड सुटायला पुष्कळदा तेवढं पुरतं. गरम सांध्याला मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आत ओढलं जातं. तापलेल्या बिडावर पाणी ओतू नका, त्याला तडा जातो.

दोन ठिकाणी ज्योत वर्ज्य. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवला तर त्याच्या धुरानं ताप, थंडी भरते. आणि जुना रंग. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, जाळू नका.

नटाचे कोपरे गेले तर कानशीनं दोन बाजू सपाट करून पकडीनं धरा. तेही जमलं नाही तर डोळ्यांना चष्मा लावून नट छिन्नीनं फोडा किंवा बोल्ट ड्रिलनं पोखरा. बोल्ट गेला तर जाऊ द्या.

इथल्या बाजारात नवे घ्यायचे तर शब्द लक्षात ठेवा. नट म्हणजे ढिबरी, बोल्ट म्हणजे काबला, बिजागरी म्हणजे कब्जा. बसवताना आट्यांना तांब्याची किंवा ग्राफाइटची ग्रीस लावा, साधी ग्रीस उष्णतेनं जळते. अन्न ठेवायची जाळी साबणानं धुवा आणि पहिल्यांदा शेगडी रिकामीच पेटवा.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. झडप पूर्ण उघडते आणि पूर्ण बंद होते ना, हे पेटवण्याआधी पाहा. झाकण लावून झडपा मिटल्या तरच कोळसा विझतो. पण विझत आलेली शेगडीही घरात आणू नका. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या उत्तरेत दर थंडीत येतात. शेगडी रात्रभर बाहेरच राहू द्या, सकाळी गार झाली की राख काढून टाका. त्यानं पुढच्या पावसात नट अडकणंही कमी होईल.

तुमच्याकडची शेगडी कुठं अडली ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.