काला अंबच्या वाटेवरील मुक्काम

वाचकहो, १४ जानेवारी १७६१ च्या रणसंग्रामातील वीरांना वंदन करण्यास आपण त्याच तिथीस सहकुटुंब काला अंब येथे जाणार असाल, तर मुक्कामाचा विचार आधीच करावा. पुष्कळजण दिल्लीत, पहाडगंजात उतरतात. नवी दिल्ली स्थानक अगदी जवळ, शिवाय लाल किल्लाही पाहून होतो. परंतु तेथून पानिपत सुमारे ९० किलोमीटर. त्या दिवसांत धुके दाटले की गाड्या तासन्‌तास रखडतात. वृद्ध मातापित्यांना घेऊन पहाटे निघावे तरी कसे? आमच्या मते आदल्या सायंकाळीच पानिपत शहरात, शक्यतो स्थानकाजवळ उतरावे. तेथून स्मारक थोड्याच अंतरावर आहे. नावातला आम्रवृक्ष आता नाही. विटांचा स्तंभ मात्र उभा आहे. पांघरुणे घरी विसरलात, तरी पानिपतच्या बाजारात ब्लँकेटांना तोटा नाही!